दुसरा घडा

निघायच्या आदल्या दिवशी माझी आई सिद्धम्मा, आमची अव्वा, सकाळपासून चुलीपुढं बसली होती. प्रवासाला कडक भाकरीच लागते, आणि ती घाईनं होत नाही. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून ओलावा पार जाईपर्यंत शेकायची. अव्वा एका हातानं थापत होती आणि दुसऱ्या हातानं शेकत आलेली भाकरी फिरवत होती. मी शाळेतून आले तेव्हा तिच्यामागं भाकरींची चवड तिच्या डोक्याइतकी झाली होती.

अप्पा दुकानातून जेवायला आले. आमचं सोलापूरच्या साखर पेठेत सुताचं दुकान होतं. गल्लीतल्या दोन-तीन बाया शेंगा कुटायला आमच्या अंगणात बसल्या होत्या. बाया असल्या की अप्पांच्या बोलण्याला धार येई.

"तुझ्यापुरत्या वेगळ्या बांध," ते अव्वाला म्हणाले. "चढावर तू मागं राहणार. मग तुला भाकरी द्यायला मी डोंगर उतरून येऊ काय?"

बाया हसल्या. अव्वाही हसली. अप्पा तिच्यावर बोलले की सगळ्यांबरोबर आपणही हसायचं, ही तिची जुनी सवय होती.

"मागं राहिले तर मल्लय्या हाय की," ती म्हणाली. मल्लय्या म्हणजे श्रीशैलाचा देव.

"त्यालाबी उचलायला जड जाशील तू."

अव्वाचे पाय वर्षभर सुजत होते. विहिरीवरून घागर आणली की तिला उंबऱ्यावर टेकावं लागे. मी तिला डॉक्टरकडं नेलं होतं. त्यांनी जिने चढू नका म्हणून बजावलं होतं. जेवताना मी अप्पांना हे पुन्हा सांगितलं. श्रीशैलाची वाट म्हणजे जिना नव्हे, जंगलातून डोंगर चढून जायचं, तेही अनवाणी, चैत्राच्या उन्हात.

अप्पा शांतपणे जेवत राहिले. "एकीला लेकरू टिकत न्हाय," ते म्हणाले, "दुसरीला नवरा. आणि दोघी मिळून मला शहाणपण शिकवतात."

दुसरी म्हणजे मी. अक्कलकोटला दिलेली मी दोन वर्षांत परत आले होते, आणि तेव्हापासून मुलींच्या शाळेत शिकवत होते.

लेकरू म्हणजे माझा भाऊ शिवयोगी. तो झाला तेव्हा अप्पांनी नवस केला होता, की पोरगं पाच वर्षांचं व्हायच्या आत आम्ही जोडीनं श्रीशैलाला कावड नेऊ. दर चैत्रात काही ना काही आडवं आलं. कधी अव्वा आजारी होती, कधी तिला दिवस गेले होते. पाचव्या वर्षी शिवयोगी तापानं गेला. अप्पांनी हिशेब सरळ लावला: बाईनं चालायचं टाळलं म्हणून पोरगं गेलं. हे ते चिडून म्हणत नसत. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणत. त्यामुळं अव्वाचा त्यावर पुरता विश्वास बसला होता.

"मी रांगत जाईन शांता," भांडी घासताना ती मला म्हणाली, "पण जाईन. फेडायचं राहिलंय ते फेडते, मग पायांचं काय व्हायचं ते होऊ दे."

"मग मीबी येते," मी म्हणाले.

तिला बरं वाटलं असावं. तिनं राखेच्या हातानं माझ्या नाकाला काळं लावलं आणि हसली. या वेळी त्या हसण्यात दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धेश्वराच्या तळ्यावर कावड भरली. बांबूच्या दोन टोकांना दोन पितळी घडे असतात. पहिला घडा नवऱ्यानं भरायचा, दुसरा बायकोनं. तोंडाला कोरं फडकं बांधायचं, आणि एकदा कावड खांद्यावर गेली की ती मल्लय्यापुढंच उतरवायची. वाटेत ती जमिनीला टेकवायची नाही, त्यातल्या पाण्याचा थेंब जमिनीवर पडू द्यायचा नाही. अव्वा गुडघाभर पाण्यात उतरली, घडा बुडवला आणि काठोकाठ भरला.

"थोडं कमी घे," अप्पा काठावरून म्हणाले. "खांदा माझा हाय."

तिनं मान हलवली, पण पाणी ओतलं नाही. फडक्याची गाठ मारून झाल्यावर तिनं तो गार घडा क्षणभर गालाला लावला.

संध्याकाळी आम्ही मद्रासकडं जाणाऱ्या मेलमध्ये बसलो. आमच्याबरोबर विरुपाक्षय्या होते. ते आमच्या घराण्याचे जंगम, म्हणजे गुरू. गल्लीतले आणखी काही पुरुष होते, आणि स्वयंपाकाला घेतलेली निंगव्वा नावाची तरुण विधवा होती. पुरुषांनी कावड सामानाच्या दोन फळ्यांना सुतळीनं टांगली. होटगी गेलं आणि गाडीनं वेग घेतला, तसे घडे हिंदकळू लागले. अव्वाचा काठोकाठ भरलेला घडा फडक्यातून ठिबकायला लागला.

"सांगितलं होतं," अप्पा म्हणाले. "आता धर खाली काहीतरी. थेंब पडता कामा नये."

अव्वानं आपला पाणी प्यायचा चंबू रिकामा केला आणि घड्याखाली धरला. सगळे आडवे झाले. ती बाकाच्या कडेला, हात वर करून, बसून राहिली. हात भरून आला की दुसऱ्या हातात चंबू घेई. मी उठून म्हणाले, "दे इकडं, मी धरते."

"झोप तू. घडा माझा हाय, मीच धरायला पाहिजे."

"थोडा वेळ तरी."

"अगं, मला कुटं झोप येतीय? मी रेल्वेत बसलीये की. शिवयोगी असता तर सारखा खिडकीत लोंबकळला असता." मग ती हळूच म्हणाली, "आणि खरं सांगू? ठिबकतंय ते मला बरं वाटतंय. बाळाला न्हाऊ घालावं तसं."

उजाडताना गुंटकल आलं. अव्वानं चंबूत जमलेलं पाणी परत घड्यात ओतलं. मग ती प्यायच्या पाण्यासाठी तोच चंबू घेऊन नळाकडं निघाली, तेव्हा विरुपाक्षय्यांनी तिला थांबवलं.

"अव्वा, त्यात मल्लय्याचं पाणी पडलंय. आता त्याला तोंड लावायचं न्हाय."

अप्पांनी चंबू तिच्या हातातून घेतला आणि कावडीला बांधून टाकला. माझ्याकडं एक चंबू होता. दोघींना पुरेल, असं आम्ही म्हटलं.

गुंटकलहून छोट्या गाडीनं नंद्याळ. तिथून बैलगाड्यांनी आत्मकूर. आत्मकूरपासून पायी. पहिला दिवस सपाटीचा होता आणि तो बरा गेला. अव्वा सगळ्यांच्या मागं चालत होती, पण चालत होती. रस्त्यात निंगव्वा तिला म्हणाली, "अव्वा, तुम्ही बसा की जरा. तुम्ही बसलात की मलाबी बसायला मिळतं." दोघी एका दगडावर बसून चोरट्यासारख्या हसल्या.

नागलूटीला जंगल आणि चढ सुरू होतो. तिथल्या कुंडावर सगळ्यांनी पाणी भरून घेतलं, कारण त्यानंतर पेद्दचेरू येईपर्यंत वाटेत पाणी नाही. पेद्दचेरू म्हणजे तेलुगूत मोठं तळं. झाडांची पानं गळून गेली होती. सावली अशी नव्हतीच. फांद्यांच्या रेघा तेवढ्या दगडांवर पडल्या होत्या. अप्पा पुढं, खांद्यावर कावड. खांदा दुखला की दुसरा पुरुष त्यांच्या शेजारी येई आणि चालता चालताच कावड त्याच्या खांद्यावर सरके. विरुपाक्षय्या घंटा वाजवत होते.

अव्वाचे ओठ पांढरे पडायला लागले तेव्हा माझा चंबू संपला होता. निंगव्वानं आपल्यातलं उरलेलं पाणी तिला पाजलं. त्यानंतर थोड्याच वेळानं अव्वा एका झाडाशी बसली, आणि मी उठवलं तरी उठली नाही.

मी पुढच्यांना हाक मारली. ते थांबले आणि मागं आले. पुरुषांच्या चंबूंत पाणी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. कुणी पुढं केला नाही. कावड त्या वेळी अप्पांच्या खांद्यावर होती. ते अव्वासमोर उभे राहिले.

"पाणी," अव्वा म्हणाली.

"तळं हाय पुढं. चल."

"उठवत न्हाय मला." तिनं मान वर केली. दुसरा घडा तिच्या डोळ्यांसमोर हलत होता. "त्यातला एक घोट द्या. तो मी भरलाय."

विरुपाक्षय्यांनी घंटा मुठीत धरली. "अव्वा, असं बोलू न्हाई. मल्लय्या ऐकतोय."

"ऐकलं का," अप्पा बाकीच्यांना म्हणाले. "एवढ्या वर्षांचा नवस, आणि हिला तो घोटभर पाण्यात संपवायचाय. पोरगं घालवलं, आता कावडबी घालव."

एकजण हसला. मग अव्वाही हसली. मी तिच्याकडं बघत होते. ती खरंच हसली, ओठ फाटले होते तरी. सवयीनं. हसून झाल्यावर ती हलक्या आवाजात पुन्हा म्हणाली, "अवो. पाणी."

मी उठले आणि घड्याला हात घातला. अप्पांनी मोकळ्या हातानं माझ्या तोंडात मारली. कावड हललीसुद्धा नाही. इतक्या सफाईनं मारता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी खाली पडले, आणि ते वळले. वळताना घडा अव्वाच्या डोक्यावरून गेला.

निंगव्वा थांबली होती. अप्पांनी पुढून हाक मारली, "निंगव्वा, चूल कोण पेटवणार?" मग तीही गेली.

अव्वानं माझ्या ओठाचं रक्त पदरानं पुसलं. "तू जा," ती म्हणाली. "तळ्यावरनं घेऊन ये. मी बसते हितं."

मी धावले. अनवाणी पायांनी दगडांवरून जेवढं धावता येतं तेवढं धावले. वाटेत मंडळींना ओलांडून गेले. कुणी मला अडवलं नाही, कुणी बरोबर आलं नाही. तळ्यावर चंबू भरला आणि परत फिरले. उतारावर पाणी सांडू नये म्हणून मला हळू चालावं लागलं. त्या हळू चालण्याबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे.

अव्वा झाडाला तशीच टेकून होती. पदराचं टोक तिनं तोंडात धरलं होतं, तान्हं मूल धरतं तसं. मी ते काढलं आणि चंबू तिच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून ओघळून गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर पडलं आणि तिथून मातीत गेलं.

तिन्हीसांजेच्या आत चार पुरुष आणि विरुपाक्षय्या आले. त्यांनी खड्डा खणला आणि आमच्या रीतीप्रमाणं तिला बसवून मूठमाती दिली. अप्पा आले नाहीत. तळ्याकाठी त्यांच्या खांद्यावर कावड होती. आमच्यात सुतक पाळत नाहीत. मृत्यूनं माणूस विटाळतो असं आम्ही मानत नाही. शाळेतल्या मैत्रिणींना मी हे मोठ्या अभिमानानं सांगत असे. आमचे लोक किती पुढारलेले, असं मला वाटे. त्या दिवशी त्याचा अर्थ एवढाच झाला की थांबायला कारण उरलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कावड पुढं निघाली.

मंदिरात अडचण आली ती एकच. पहिला घडा अप्पांनी ओतला. दुसऱ्याला बाईचा हात लागतो. विरुपाक्षय्या माझ्याकडं बघू लागले. मी म्हणाले, मी हात लावणार नाही. तेव्हा निंगव्वाला पुढं बोलावलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि घडा उचलला. फडक्याची गाठ तिला सुटेना. अव्वानं घट्ट मारली होती. शेवटी अप्पांनी ती दातांनी सोडवली. काठोकाठ भरलेला घडा जवळजवळ तसाच होता. पाणी पिंडीवर पडताना सगळ्यांनी हात जोडले.

परतीच्या गाडीत गुलबर्ग्याच्या अलीकडं काही यात्रेकरू बाया आमच्या डब्यात चढल्या. अप्पा सांगू लागले.

"मी घडा तिच्या तोंडाशी नेला. म्हटलं, पी बाई, मल्लय्या काय म्हणणार न्हाय. पण तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, ते देवाचं हाय, मला न्हाई चालत. आणि तशीच बसून लिंगैक्य झाली."

"भाग्याची," बाया म्हणाल्या.

"लई मोठ्या मनाची बाई," अप्पा म्हणाले. "आमाला तिची योग्यता कळली न्हाय."

मी समोर बसले होते. अप्पांनी अव्वाला चांगलं म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. ते खोटं होतं, पण होतं तिच्याबद्दल. ते थांबवलं तर तिच्या वाट्याला पुन्हा काहीच उरणार नाही, असं त्या वेळी मला वाटलं. एका बाईनं मी तिची मुलगी आहे हे विचारून घेतलं आणि माझ्या पाया पडली.

सोलापुरात गोष्ट आमच्याबरोबरच पोचली. घरी भेटायला येणाऱ्या बायांतलं कुणी रडलं नाही. "अशा मरणाला रडू न्हाई," त्या मलाच सांगत. अव्वाच्या जागेवर दिवा लावत. अप्पा प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत, आणि दर वेळी थोडी भर पडे. श्रावणापर्यंत अव्वा हात जोडून उत्तरेला तोंड करून बसली होती. दसऱ्याला तिनं मरण्यापूर्वी मल्लय्याचं दर्शन घेतलं होतं. दिवाळीनंतर अप्पांनी निंगव्वाशी उडकी लावली. आमच्यात विधवेचं असं साधं लग्न होतं. "दुसऱ्या घड्याला हात लागलाच होता तिचा," विरुपाक्षय्या म्हणाले, "मल्लय्याचीच इच्छा." निंगव्वा घरात आली आणि अव्वाच्या चुलीपुढं बसली. माझ्याशी ती कामापुरतं बोले. तिनं एकदाही ती गोष्ट सांगितली नाही, आणि अप्पा सांगत असले की आत निघून जाई.

पुढच्या चैत्रात कावड पुन्हा निघाली. नवस फिटला होता, पण आता अप्पांच्या मागं माणसं होती. बायाच जास्त होत्या. मी जाणार नव्हते. कडक भाकरींचं गाठोडं स्टेशनवर पोचवायला तेवढी गेले होते.

फलाटावर बाया ओळीनं बसल्या होत्या. कडेला मायाक्का होती, आमच्या शेजारची सून, माझी जुनी विद्यार्थिनी. तिला सातवा महिना लागला होता. दोनदा पोटातच गेलं होतं म्हणून या वेळी सासूनं तिच्याकडून नवस बोलवून घेतला होता.

"तू चालणार?" मी विचारलं.

"चालणार की, बाई." शाळेतल्यासारखं तिनं मला बाईच म्हटलं. "तुमच्या अव्वाचा नेम धरलाय आमी सगळ्यांनी."

"कसला नेम?"

"सिद्धम्माचा. नागलूटीपासून तळ्यापर्यंत पाण्याला शिवायचं न्हाय. पुरुषांना न्हाय तो, बायांनाच. नेमाची खूण म्हणून चंबू हितंच रिकामे करायचे." तिनं हसून आपला चंबू दाखवला. "लई कठीण हाय काय बाई, तो चढ?"

पलीकडं अप्पा कावड खांद्यावर घेऊन उभे होते. दुसरा घडा निंगव्वानं भरला होता. त्यांच्याभोवती बाया उभ्या होत्या, आणि ते सांगत होते. "मी म्हटलं, पी बाई..." विरुपाक्षय्यांनी घंटा वाजवली. ओळीतल्या पहिल्या बाईनं उठून आपला चंबू रुळांवर उपडा केला. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं आणि दिसेनासं झालं. मग दुसरीनं. मग तिसरीनं. कुणी तरी "सिद्धम्मा" म्हणून हात जोडले.

मायाक्का उठायला लागली. पोटामुळं तिला पटकन उठता येईना. तिनं आधारासाठी माझा हात धरला. मी तो धरून ठेवला, आणि दुसऱ्या हातानं तिचा चंबू काढून घेतला.

"सोडा की बाई, माझी पाळी आली."

"थांब," मी म्हणाले.

मी अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले. चंबू माझ्या हातात भरलेला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चंबूकडं, आणि कावड दुसऱ्या खांद्यावर सरकवली. त्यामुळं त्यांचा मारायचा हात मोकळा झाला. त्यांच्या मागं निंगव्वा उभी होती. तिनं या वेळी खाली पाहिलं नाही.

"शांता, बाजूला हो," अप्पा म्हणाले. "गाडी येतीय."

मी बायांकडं तोंड केलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं इतक्या आवाजात, त्याहून मोठ्यानं नाही, मी बोलले.

"माझ्या आईनं पाणी मागितलं होतं. दोनदा मागितलं. यांनी दिलं नाही."